देव्हाऱ्यातलं काडतूस

चिंच भिजत घातली की मला बंदूक आठवते. हे मी एकदा भिशीत बोलून गेले, तर सगळ्या बायकांचे चमचे वाटीतच थांबले, आणि मी घाईघाईने आमटीत गूळ किती घालावा हा विषय काढला. पण आहे ते असं आहे. कोमट पाण्यात चिंचेचा गोळा सुटू लागला, तो आंबट, जरा मातकट वास वर आला, की केंब्रिजपासून अर्ध्या तासावरच्या त्या सपाट गावातलं आमचं गॅरेज माझ्यापुढे उभं राहतं. गॅरेजमध्ये गाडी ठेवायची नसते, हे इंग्लंडात आल्यावर आम्ही पहिल्याच वर्षी शिकलो. गाडी बाहेर पावसात, आणि आत लाकडी बाक, त्यावर घट्ट बसवलेलं एक लोखंडी यंत्र, आणि स्टुलावर माझे बाबा.

बाबा हॉस्पिटलमध्ये भूल देणारे डॉक्टर होते. माणसाला झोपवायचं आणि सुखरूप जागं करायचं, यातलं दुसरं काम अवघड, असं ते म्हणत. पुण्याला कॉलेजात एनसीसीत असताना त्यांना नेमबाजीचा नाद लागला होता. मी आठ वर्षांची असताना आम्ही इकडे आलो, आणि शेजारच्या रॉननी, म्हणजे भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, गावच्या रायफल क्लबचे सेक्रेटरी असलेल्या मिस्टर रॉननी, बाबांच्या त्या जुन्या नादावर फुंकर घातली. रीतसर परवाना आला, भिंतीत बोल्टने आवळलेलं पोलादी कपाट आलं, आणि आईच्या भाषेत 'सवत घरात आली'. बाबा कागदी निशाणाशिवाय कशावर गोळी झाडत नसत. चतुर्थीला ते अंडंसुद्धा खात नसत.

नवी काडतुसं महाग, म्हणून क्लबातली मंडळी वापरलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करून त्या पुन्हा भरत. भरण्याचं काम बाबा एकटे, दार लावून करत, तिथे मला मज्जाव होता. पण त्याआधीचं सगळं माझं. रेंजवरून आलेल्या काळवंडलेल्या पुंगळ्या आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यातून बाकावर ओतायच्या. एकेक उजेडाकडे धरून आत डोकवायचं: बुडाशी मधोमध एकच भोक दिसलं तर आपली, दोन दिसली तर ती लष्करी, भंगारात. मग ती यंत्रात उभी करून दांडा खाली ओढायचा. वरून एक बारीक पोलादी काटा आत उतरतो आणि बुडातला जळालेला प्राइमर, म्हणजे मसुराच्या डाळीएवढी, दारूला ठिणगी देणारी ती धातूची टिकली, ढकलून बाहेर काढतो. खाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा असे. त्यात ती पडे. टक. शनिवारची आख्खी दुपार अशी जायची. रेडिओवर क्रिकेट, स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, आणि इकडे टक, टक, टक. मी त्या वयात फारशी बोलत नसे आणि बाबा तर कधीच बोलत नसत, त्यामुळे आमच्या दोघांच्या गप्पा म्हणजे तो आवाज, असं आता मला वाटतं.

प्राइमर निघाला की पुंगळी धुवायची. रॉन व्हिनेगर आणि भांड्यांच्या साबणात धूत आणि त्या राखाडीच राहत. एकदा आई गॅरेजात आली, एक पुंगळी पदराने पुसून तिने उजेडात धरली आणि म्हणाली, "हे पितळ घासलंय का भिजवलंय?" माझ्या आईला मळकं पितळ म्हणजे स्वतःच्या घराण्याची बदनामी वाटायची. तिने चिंच कोळली, एका निळ्या प्लास्टिकच्या बोलमध्ये पाणी केलं, पुंगळ्या त्यात टाकल्या आणि थोड्या वेळाने अशा काढल्या की बाबा नुसते बघत राहिले. रॉननी त्या हातात घेतल्या आणि आईसमोर टोपी काढली. पुढे क्लबातले आणखी दोघेतिघे आपले डबे आमच्या दारात ठेवून जायला लागले आणि लंडनच्या वेम्बलीतल्या देशी दुकानांतून आणायच्या सामानात चिंचेचं पाकीट मोठं झालं. अट एकच होती, रॉननी घातलेली: मीठ घालायचं नाही आणि रात्रभर ठेवायचं नाही. आंबट पाण्यात पितळ फार वेळ राहिलं तर त्यातलं जस्त सुटतं, धातू गुलाबी पडतो आणि ती पुंगळी मग विश्वासाची राहत नाही. आईची अट वेगळी होती. निळा बोल स्वयंपाकघरात यायचा नाही आणि हात कोपरापर्यंत धुतल्याशिवाय पोळीला शिवायचं नाही.

खंडेनवमीला मात्र निळा बोल आणि देवांचं ताम्हण यांच्यातली सीमा पुसली जायची. घरातली सगळी हत्यारं त्या दिवशी पाटावर: विळी, शिवणयंत्र, बाबांचा स्टेथोस्कोप, माझी कंपासपेटी. बाबा देवाचं फारसं करत नसत, पण त्या दिवशी आईच्या धाकाने कपाट उघडून रायफलही आणत, तिला हळदकुंकू लागे, झेंडूऐवजी बागेतली डेलिया वाहिली जाई, आणि आरती झाली की बाबा अर्ध्या तासात ती पुसून परत कपाटात ठेवत. ज्याच्यावर पोट आणि ज्याच्यात जीव घेण्याची ताकद, त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत, असं आईचं म्हणणं. पूजेला मांडलेल्या वस्तूला उत्तरपूजा होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा कडक नियम. एवढीशी असताना मी कंपासपेटीतली पेन्सिल काढली म्हणून पाठीत धपाटा खाल्ला होता.

मी पंधरा वर्षांची असताना, उन्हाळ्याच्या शेवटी, बाबांनी भूल दिलेली एक लहान मुलगी जागी झाली नाही. टॉन्सिलचं ऑपरेशन होतं. चौकशी बसली, ती संपेपर्यंत बाबांना घरी बसायला सांगितलं. मला हे कुणी समजावून सांगितलं नाही. आमच्याकडे वाईट गोष्टी स्वयंपाकघरातून जिन्यापर्यंत झिरपत येत, तेवढ्याच मला कळत. बाबा सकाळी दाढी करून, टाय लावून खुर्चीत बसायचे आणि संध्याकाळी टाय सोडायचे. आई त्यांच्या आवडीचं पिठलं करायची, भाकरी थापायची, लसणाची चटणी कुटायची. ते ताटाला नमस्कार करायचे, दोन घास खायचे आणि "छान झालंय" म्हणून उठायचे. गॅरेजातला आवाज बंद झाला. रेंजवरून आणलेला शेवटचा डबा तसाच बाकावर पडून होता. घरात रेडिएटर कडकडायचा तेवढंच. एकदा मी त्यांच्या खुर्चीजवळून जाताना ते मला म्हणाले, "वैजू, तिने मला विचारलं होतं, तुमचं नाव काय. मी सांगितलं. तिला ते म्हणता येईना, म्हणून ती हसली." मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि त्यांच्या मोज्याला लागलेले दोरे काढत राहिले.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला त्यांनी रायफल काढायला नकार दिला. "या वर्षी नको," एवढंच. आईने आग्रह केला नाही. पण पितळ घासायला घेतलं होतं, तर गॅरेजातल्या डब्यातल्या पुंगळ्याही घे म्हणाली, म्हणून मी आणि ती तिथे गेलो. खुंटीवर बाबांचं रेंजवर घालायचं मेणकापडी जाकीट लटकत होतं. धुवायला टाकावं म्हणून आईने त्याचे खिसे चाचपले आणि तिचा हात एका खिशात थांबला. बाहेर आला तेव्हा तळव्यावर एक काडतूस होतं.

तिने ते माझ्यापुढे धरलं. "हे रिकामं आहे का गं?"

"नाही. भरलेलं आहे."

"मग इथे कसं?"

मला उत्तर माहीत नव्हतं, आणि माहीत होतंही. भरलेलं काडतूस एकतर कपाटात असतं नाहीतर रेंजवर, तिसरी जागा त्याला नाही, हे बाबांनीच मला पढवलं होतं. ऑपरेशननंतर कापसाचे बोळेसुद्धा मोजून घेणारा माणूस. त्यांच्याकडून काडतूस खिशात चुकून राहत नाही. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं, माझं उत्तर तिथेच वाचलं, आणि मूठ मिटली. "चल," म्हणाली, "पाणी गार होतंय."

निळा बोल तिने घेतलाच नाही. ते काडतूस तिने स्वयंपाकघरात नेलं आणि देवांच्या ताम्हणात, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णेच्या शेजारी, चिंचेच्या पाण्यात ठेवलं. मग बोटांनी घासलं, पुसलं. बॉयलरशेजारच्या कोनाड्यात आमचा देव्हारा होता. तिथे एका वाटीत तांदूळ घालून तिने ते उभं रोवलं, हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. बाबांना आरतीला हाक मारली. ते आले, नेहमीसारखे दाराला टेकून उभे राहिले, आणि मग त्यांना ते दिसलं. आई घंटा वाजवत राहिली. आरती म्हणताना तिचा सूर कुठेही ढळला नाही. निरांजन फिरवून झाल्यावर ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "अहो, हे आता देवाचं झालं. उचलायचं असेल तर मला सांगून उचला."

बाबा त्या वाटीकडे बघत होते. मग त्यांनी हात पुढे केला, आईने त्यावर खडीसाखर ठेवली, ती त्यांनी तोंडात टाकली आणि ते वर निघून गेले.

कपाटात अजून काडतुसं होती, हे आईला कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, बाबा अंघोळीला गेलेले पाहून तिने रॉनना फोन लावला. आईचं इंग्रजी कामापुरतं होतं. ती म्हणाली, "मिस्टर रॉन, प्लीज टेक एव्हरीथिंग फ्रॉम द कबर्ड. फॉर क्लीनिंग." तासाभरात रॉन आले, बाबांशी हवेवर, गुलाबांवर बोलले, दोन कप चहा प्यायले, आणि क्लबात सगळ्यांच्याच रायफली तपासायला घेतल्यात, तुमचीही काडतुसांसकट नेतो, असं सहज म्हणाले. बाबांनी किल्ली पुढे केली. तो कुणालाही न लाजवता एखादी गोष्ट काढून घेण्याचा इंग्रजी सोहळा मी जिन्यावर बसून पाहिला, आणि त्या माणसाविषयी तेव्हा जे वाटलं ते अजून तसंच आहे.

उत्तरपूजा झाली. विळी, स्टेथोस्कोप, कंपासपेटी सगळं आपापल्या जागी गेलं. काडतूस तिथेच राहिलं. मी आईला विचारलं, रॉननी सगळं नेलंय, मग हे कशाला? ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "अडवायला नाही ठेवलं. 'हिला माहीत आहे', एवढं त्यांना रोज दिसावं म्हणून ठेवलंय." देवांबरोबर रोज सकाळी तिने त्याला अंघोळ घातली.

तो हिवाळा मी कसा काढला, ते मला शब्दांत सांगता येत नाही. शाळेच्या बसमधून उतरलं की पाय आपोआप भरभर पडायचे. मागचं दार उघडायचं, दप्तर टाकायच्या आधी कोनाड्यात बघायचं. आहे. मग श्वास. मग बाबा कुठे आहेत ते बघायचं. रात्री अंथरुणात पडल्यावर ते पिवळं टोक मला मिटल्या डोळ्यांना दिसायचं. मैत्रिणी गाण्यांच्या कॅसेट आणायच्या, पोरांविषयी बोलायच्या, आणि मी मान हलवत मनात तांदळाची वाटी बघत असायचे. आई आणि मी त्या विषयावर पुन्हा अवाक्षर बोललो नाही. अळीमिळी गुपचिळी हा खेळ आमच्या घरात मोठी माणसंच खेळत.

वसंतात चौकशीचा निकाल आला. मुलीच्या हृदयात जन्मापासून दोष होता, तो आधी कुणालाच कळण्यासारखा नव्हता, बाबांची चूक नाही. आईने देवापुढे साखर ठेवली. बाबा म्हणाले, "बरं झालं," आणि थोड्या वेळाने म्हणाले, "तिला काय त्याचं." आणि त्या शनिवारी रॉन हसतमुखाने रायफल आणि गोळ्यांची पेटी परत घेऊन आले. त्यांचं काय चुकलं? निकाल लागला, संकट टळलं, असंच कुणीही समजेल. बाबांसमोर आईला नको म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमच्या ओळखीतल्या कुलकर्णी काकू गाडीने वेम्बलीला निघाल्या होत्या, घरातलं पीठ-डाळ संपलं होतं, आईला जाणं भाग होतं. बाहेर पडताना तिने चपला घालत माझ्या कानाशी म्हटलं, "घरातच राहा हं." दुपारी मी चहाला पाणी ठेवलं. गॅरेजातून दोन-तीन ठोके ऐकू आले, मग काहीच नाही. काय झालं कुणास ठाऊक, मी वळून कोनाड्यात पाहिलं. वाटीत नुसते तांदूळ होते, आणि मधोमध एक गोल खळगा.

स्वयंपाकघरातून गॅरेजात जायचं दार आतून लावलेलं होतं. मी त्याला कान लावला. लोखंड लोखंडावर घासल्याचा आवाज आला आणि मग, अगदी हलका, एकच: टक. तो आवाज मी हजारदा ऐकला होता, पण त्या क्षणी मला त्याचा एकच अर्थ लागला, की रायफलचा बोल्ट बसला, गोळी नळीत गेली. मी दोन्ही हातांनी दार बडवलं. "बाबा, चहा! बाबा, चहा झालाय!" इतकी ओरडले की घसा सोलवटला. मग त्यांचा आवाज, "आलो गं. ओरडतेस काय?" कडी निघाली. त्यांचे हात काळे होते आणि डोळे लाल. त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, टेबलाशी बसले आणि चहा बशीत ओतून सगळा प्यायले. मी समोर बसून राहिले, उठलेच नाही. संध्याकाळी आई आली, तिने दिवा लावला, तेव्हा काडतूस वाटीत होतं. ते कधी परत ठेवलं, मी पाहिलं नाही.

त्या आठवड्यात बाबांनी रायफल, कपाट, यंत्र सगळं क्लबाला देऊन टाकलं. मन उडालं, म्हणाले. पंधरवड्याने ते कामावर गेले. ते पुढे बरीच वर्षं जगले, माझ्या लग्नात हसले, नातीला खांद्यावर घेऊन फिरले, आणि हॉस्पिटलच्या पलंगावर, वयाने, गेले. पण मी त्यांच्याकडे पुन्हा कधी निर्धास्त पाहिलं नाही. मिल्टन कीन्सला नोकरी लागल्यावरसुद्धा दर रविवारी दुपारी, त्याच वेळेला, मी फोन करायचे. "काय गं, एवढ्यासाठी?" ते म्हणायचे. मी चहा करायला उठले नसते तर, मी कोनाड्यात पाहिलं नसतं तर, असं कितीतरी वेळा मनात येऊन मी घामाने जागी झाले आहे. बाबा त्या दुपारी माझ्या हाकेने परत आले, आणि हाक उशिरा पोचली असती तर आले नसते, हे मी धरून चालले होते. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

बाबांचा परवाना संपल्यावर मी आईच्या मागे लागले होते, की भरलेलं काडतूस घरात ठेवणं गुन्हा आहे, पोलिसांकडे देऊन टाकू. तिने वाती वळता वळता विचारलं, "देव कुणी पोलिसात देतं का?" आणि शेवटपर्यंत तिने देवांना दुसऱ्या कुणाचा हात लागू दिला नाही.

गेल्या वर्षी आई गेली. देव्हारा आवरायला माझी मुलगी अनया आली होती. ती इथलीच; तिचं मराठी ओढूनताणून, पण माझ्यासाठी ती बोलते. मी अन्नपूर्णा फडक्यात गुंडाळत होते. तेवढ्यात तिने वाटीतून काडतूस उपसलं.

"आई, हा काय आहे? रिअल आहे का?"

"खाली ठेव ते. अनया, आधी खाली ठेव."

"चिल, आई. याच्या खाली तर होल आहे."

मी ते तिच्या हातातून घेतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या हातात. वर्षानुवर्षांच्या चिंचेने पितळ पार गुलाबी पडलं होतं. मी चष्मा लावून ते उलटं केलं. बुडात प्राइमर नव्हता. त्याच्या जागी गोल खळगी होती आणि ती कुंकवाने गच्च भरली होती. मी टाचणीने ते कोरून काढलं. खाली मधोमध ते एकच भोक दिसलं. हलवून पाहिलं, आत दारूचा कणही नव्हता, नुसती गोळी तोंडाशी परत बसवलेली.

मी खाली जमिनीवर बसले. ते दोन-तीन ठोके गोळी सैल करण्याचे होते. घासल्याचा आवाज दांड्याचा. आणि तो टक, माझ्या आयुष्यभर उशाशी बसलेला, तो बिस्किटांच्या डब्यात प्राइमर पडल्याचा होता. घरात सगळं परत आलं होतं, रायफल, कपाटातली गोळ्यांची पेटी, बायको वेम्बलीला गेलेली, आणि माझ्या बापाने त्या दुपारी दार लावून ते एक काडतूस रिकामं केलं, पुसलं आणि देवापुढे परत नेऊन ठेवलं. मी त्यांना वाचवलं नव्हतं. ते आधीच परत निघाले होते, मी फक्त चहाला हाक मारली.

आणि आई. रोज त्याला अंघोळ घालणारी. तिला दुसऱ्याच सकाळी कळलं असणार. आता आठवलं, त्या सोमवारी शाळेत जायच्या आधी टेबलावर शिरा होता, केशर घातलेला, तूप सुटलेला. सण नाही, वार नाही. मी विचारलं होतं, आज काय आहे? बाबा मान खाली घालून खात होते, दुसऱ्यांदा वाढून घेऊन. आई म्हणाली होती, "काही नाही, रवा उरला होता." दोघांनी एकमेकांना काही सांगितलं असेल असं मला वाटत नाही. आणि मी तो खळगा पाहिला होता, हे त्या दोघांना माहीतच नव्हतं, मग मला कोण सांगणार?

अनया घाबरून माझ्या खांद्यावर हात फिरवत राहिली. मी काडतूस धुतलं, पुसलं, खळगीत चिमूटभर कुंकू भरलं आणि ते इतर देवांबरोबर फडक्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या घरी, तांदळाच्या वाटीत, ते उभं केलं. अनया डोळे चोळत खाली आली, कढई पाहून थबकली.

"शिरा? आई, आज काय आहे?"

"काही नाही," मी म्हटलं. "रवा उरला होता."